चालतं लोखंड

“घरात लोखंडाचं जे काही असेल ते बाहेर काढा, बाई. लांब नेऊन ठेवा. सुईसुद्धा नको.”

ताटीबाहेर उभा असलेला माणूस असं म्हणाला तेव्हा मी बाजेवर पडून होते. कुशीत माझं पोरगं निजलेलं. त्याची पाचवी पुजून झाली होती, नाव अजून ठेवायचं होतं. दार अडवून माझी सासू बसली होती. सगुणाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

“काहून?” आत्याबाईंनी विचारलं.

“मोजायचं आहे.”

“काय मोजाचं हाये माह्या घरात? चार गाडगी हायेत.”

“घरातलं नाही. घराखालचं.”

“मंग खाली जा ना बाप्पा. खाली खान हाये. तिथून वर पाहा.”

त्याच्या मागे खांद्यावर लाकडी दांडा घेऊन एक जण उभा होता, तो फस्सकन हसला. साहेब मात्र हसला नाही. तो दारातून हललाही नाही.

निमदेव साहेब नागपूरहून आले होते. आठवडाभर ते आणि त्यांचे मदतनीस इस्माईलभाई टेंभुर्डोहच्या माळावर चुन्याच्या रेघा आखून त्या रेघांवरून चालत होते. इस्माईलभाईंच्या दांड्याच्या टोकाला बाटलीएवढं डबडं होतं. साहेबांच्या छातीवर सुती पट्ट्याने अडकवलेली पेटी होती. दर काही पावलांवर दोघं थांबत, साहेब पेटीचं बटण दाबत आणि खिडकीत लाल आकडे उमटत. पृथ्वी म्हणजेच एक मोठा लोहचुंबक आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिची ओढ सगळीकडे जवळपास सारखी असते, पण खाली कुठे लोखंड गाडलेलं असलं की तेवढ्या जागी आकडा उसळतो.

आमच्या वस्तीतल्या बायकांना मात्र साहेबांच्या कमरेचं नवल. पट्टा नाही, पायजम्याला नाडी. पायात रबरी चपला. मनगटावर घड्याळही नाही.

“काय गा इस्माईलभाई, साहेबाच्या बायकोनं पट्टा ठेवून घेतला काय?” नळावरची एखादी विचारायची.

“पट्टा घातला त हे यंत्र जमीन सोडून साहेबाचं पोट मोजते, माय,” इस्माईलभाई म्हणायचे.

हसण्यावारी जायचं सगळं. पण ते शोधत होते ते हसण्यासारखं नव्हतं. इंग्रजांच्या वेळी आमच्या खाणीशेजारी आणखी एक खाण होती. ती कधीच बंद पडून पाण्याने भरली होती. तिच्यात उतरायची चानक, म्हणजे विहिरीसारखी सरळ खाली गेलेली वाट, माळावर कुठेतरी बुजवलेली होती. कुठे, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ऑफिसात जुना नकाशा होता, त्यावर चानकेपासून कोणती गॅलरी किती लांब गेली ते सगळं होतं. पण ती चानक जमिनीवर नेमकी कुठे, तो कोपराच फाटून गेलेला. चानक सापडली की आख्खा नकाशा जागेवर बसला असता. आत जुने पंपाचे पाइप, रूळ असणारच, म्हणून लोहचुंबकाची मोजणी.

आणि आमच्या खाणीचा फेस, म्हणजे जिथे कोळसा फोडायचं काम चाललेलं असतं ती भिंत, त्याच दिशेने पुढे सरकत होता.

माझा नवरा लटारू त्या फेसवर टिंबरमन होता. सुरुंग उडाला, कोळसा पडला की उघड्या पडलेल्या छताखाली सगळ्यांच्या आधी जायचं आणि लाकडी टेके लावायचे, हे त्याचं काम. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने सव्वा महिना पाय ठेवायचा नाही असा आमच्याकडचा नेम, म्हणून तो पडवीत निजायचा आणि कुडाच्या भिंतीच्या फटीतून माझ्याशी बोलायचा. पोराचं तोंड त्याने अजून नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कामावर निघताना तो फटीशी बसला.

“पोट्टा काय करते?”

“निजून हाये. सकाळपासून दूध ओढत नाही.”

“ओढन. भूक लागली की ओढन.” जरा थांबून म्हणाला, “फेसले घाम सुटला हाये, पार्बता. कोळशातून पानी झिरपून रायलं. सडक्या अंड्याचा वास येते.”

हे पाणी जुन्या बुडालेल्या खाणीचं, ते टेंभुर्डोहच्या पोरासोरांनाही कळत होतं.

“मंग नका जाऊ.”

“मी नाही गेलो त टेका कोन लावन? बाकीचे दबतील ना.”

“साठोणे बाबू काय म्हनते?”

“ओव्हरमन काय म्हनन? साहेबाले आज संध्याकाळपर्यंत चानक सापडली त थांबू, नाही त बत्ती. वरून हुकूम हाये.” बत्ती म्हणजे सुरुंगाला बत्ती. साठोणे बाबू त्याच्या पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन. “सापडन. तो साहेब हुशार हाये. पट्टा घालत नाही.”

तो हसला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत होते.

दुपारी तोच साहेब आमच्या दाराशी उभा होता आणि घरातलं लोखंड मागत होता.

आमच्या घरात लोखंड किती होतं ते सांगायला हवं. आधीची माझी दोन लेकरं त्याच खोलीत गेली होती. दोन्ही सव्वा महिन्याच्या आत. ताप नाही, खोकला नाही. निजलेलं पोर निजूनच राहिलं. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवलं की बाहेरचं काही लेकराला शिवत नाही, म्हणून विळा असायचा. दुसऱ्या वेळी शेजारीण आली, म्हणाली बकरीला गवत कापायला विळा दे. मी दिला. त्याच संध्याकाळी पोर गेलं. आत्याबाई मला त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा पहिला घास खाल्ला नाही. आधी कावळ्याला ठेवायच्या, मग खायच्या.

आणि दिवा. बाळंतिणीच्या बाजेखाली चिमणी जळत ठेवायची असते. आमच्या घरात ती टिकायचीच नाही. आभाळ भरून आलं की हटकून विझायची. वारा नसताना विझायची. आत्याबाई पुन्हा लावत, ती पुन्हा मिणमिण करून जाई. “आली वं माय,” असं पुटपुटत त्या दाराची ताटी आणखी घट्ट लावत, फटीत चिंध्या कोंबत.

या तिसऱ्या वेळी त्यांनी कसूर ठेवली नव्हती. उशाखाली विळा. बाजेखाली सब्बल, म्हणजे पहार. दारावर घोड्याचा नाल. उंबऱ्याशी रुळाचा तुकडा आडवा. पोराच्या पायात लोखंडाचं कडं. शिवाय पोर पायाळू जन्मलेलं, म्हणजे पायाकडून; आणि पायाळू पोरावर गुप्तधन काढणाऱ्यांचा बळीसाठी डोळा असतो हे आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“हे पाहा आजी,” निमदेव साहेब उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. “आख्खा माळ मोजून झाला. कुठेच काही नाही. फक्त तुमच्या घराजवळ आलं की आकडा वेड्यासारखा वर जातो.”

“मंग हायेच ना लोखंड घरात. मी कुठी नाही म्हनते?”

“तेच ते. ऑफिसवाले म्हणतात, घर म्हटलं की लोखंड आलंच, त्या शंकेवर फेस थांबत नाही. मला सिद्ध करून द्यायचं आहे की घरातलं आहे की खालचं आहे. घर मोकळं करा, मी पुन्हा मोजतो. आकडा पडला तर मी गप्प निघून जातो. नाही पडला तर खालचं काम आत्ताच्या आत्ता थांबेल.”

आत्याबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. नाडी, चपला, छातीवरची पेटी.

“माह्या घराखाली काय हाये मनता?”

“लोखंड. बहुतेक.”

“लोखंडासाठी कोनी नागपूरहून येते? मले समजत नाही काय? लेकरू पायाळू हाये हे कोनं सांगतलं तुमाले?”

“काय आहे?” साहेबांना कळेचना.

“पायाळू लेकरू, वरून लोखंड नको, घराखाली काहीतरी पुरलेलं हाये! अवं माय, दिवसाढवळ्या मागून रायला हा मानूस!”

इस्माईलभाईंच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. साहेबांच्या ते हळूहळू ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“आजी, माझ्या घरी दोन मुली आहेत,” एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात सायकल पळसाच्या झाडाला टेकवून साठोणे बाबू आले. हातात खाणीतला जाळीचा दिवा होता, तसेच पाळीवर निघालेले दिसत होते. घाम पुसत म्हणाले, “साहेब, भोकं पाडणं सुरू झालं खाली. तुमचं काही असंल त सांगा, नाही त मले जाऊ द्या.”

“ह्या बाई घर मोकळं करत नाहीत.”

“मंग झालं तर. मी काय सांगू वर? म्हातारी नाही म्हनते?”

मी बाजेवर उठून बसले. डोकं सकाळपासून जड झालं होतं, डोळ्यापुढे अंधारी आली. सासूशी परक्या पुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते.

“आत्याबाई.”

“तू पडून राय.”

“आत्याबाई, हे खालीच हायेत. त्याच फेसवर. तुमचाच पोरगा हाये.”

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. पण त्यांचा खांदा एकदा हलला. त्यांची दोन माणसं, म्हणजे नवरा आणि दीर, खाणीनेच नेली होती.  त्या उठल्या आणि एकेक लोखंड काढायला लागल्या. नाल उपटला. रुळाचा तुकडा पदरात घेतला. सब्बल फरफटत नेली. चुलीवरचा तवा, उलथनं, त्यांचा अडकित्ता, कंदिलाचा दांडा. शेवटी माझ्या उशाखालचा विळा काढला, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. सगळं नेऊन त्यांनी लांब चिंचेखाली ढीग केला. परत आल्या आणि पोर उचलून घेतलं.

“बिनलोखंडाच्या बाजेवर मी लेकरू ठेवत नाही. माह्या हातात राहीन. मोजा आता.”

इस्माईलभाईंनी दांडा आत आणला. कवेलूचं छप्पर, कुडाच्या भिंती, ताटीला कडी नाही की बिजागरी नाही. आता घरात काही उरलं नाही असं वाटत होतं. साहेबांनी बटण दाबलं. बाजेवरून मला खिडकीतले लाल आकडे दिसत होते. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, अक्षर गिरवलं ते साठी उलटल्यावर. पण चित्र बदललं की कळायचं.

साहेब मोठ्याने आकडा वाचत. पहिला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी वेगळा. चित्र दर खेपेला बदलत होतं.

“असं कसं?” साहेब म्हणाले. “जागा तीच, दांडा तोच.”

“यंत्र बिघडलं असंल,” साठोणे बाबू दारातून म्हणाले.

 साहेब खिडकीकडे पाहत बटण दाबत राहिले. आत्याबाई पोराला थोपटत खोलीत फेऱ्या घालत होत्या. चुलीपाशी जात, बाजेपाशी येत. साहेबांची मान पेटीवरून उठली. ते आत्याबाईंकडे बघायला लागले. त्या चुलीपाशी गेल्या, त्यांनी बटण दाबलं. त्या जवळ आल्या, त्यांनी बटण दाबलं.

“इस्माईल,” ते हळूच म्हणाले, “जमिनीखालचं लोखंड एका जागी असतं ना?”

“जी साहेब.”

“इथे लोखंड चालतंय.”

आत्याबाई थांबल्या. त्यांचे दोन्ही हात पोराच्या दुपट्यावर घट्ट आवळले गेले. मला तेव्हा समजलं. दुपट्याच्या गाठीत रुळाचा खिळा होता, माझ्या वितीएवढा, मोठ्या डोक्याचा. पायातलं कडंही होतंच.

“झालं ना साहेब?” साठोणे बाबू मागे वळले. “घरचंच हाये. उगाच माह्या पाळीचा खोळंबा.”

“थांबा! हा खिळा एवढं करू शकत नाही...”

“किती करते ते सांगता येते काय? पक्कं?”

साहेबांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. पक्कं सांगता येत नव्हतं. खिळा जवळ असला की खालचं झाकून जात होतं.

“आजी, तो खिळा द्या. दोन मिनिटांसाठी.”

“नाही.”

“आजी...”

“नाही देत! दोन लेकरं गेली ह्या खोलीतून! एकदा विळा गेला घराबाहेर आन् लेकरू गेलं. विचारा तिले!” पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बोट करून बोलल्या. “विचारा, कोनं देला होता विळा!”

 बाहेर आभाळ चांगलंच दाटून आलं होतं. बाजेखालची चिमणी सकाळीच विझली होती. काजळीचा वास तेवढा राहिला होता. पोर आजीच्या हातांवर मान टाकून पडलं होतं. एवढा आरडाओरडा झाला, पण ते जागं झालं नाही.

मी बाजेवरून पाय खाली टाकले. कमरेत कळ आली. जाऊन आत्याबाईंसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

“मी खिळा मागत नाही,” मी म्हणाले. “खिळा राहू द्या त्याच्यापाशी. कडं राहू द्या. लेकरू द्या. आमी दोघं जातो बाहेर.”

“सव्वा महिना नाही झाला!”

“माहीत हाये.”

“उंबरा वलांडशील तू? हवेत नेशील? असं आभाळ भरलं हाये! पार्बता, मी सांगून रायली...”

“तुमचं लेकरू खाली हाये,” मी म्हणाले. “माह्यं मी घेऊन चालली.”

त्यांनी पोर दिलं नाही. मी घेतलं. त्यांच्या हातांची पकड एक क्षण तशीच होती, आणि मग सुटली. साठोणे बाबू दारातून बाजूला झाले. बाळंतिणीचा वारा लागू नये म्हणून त्यांनी सवयीने तोंड फिरवलं. मी उंबरा ओलांडला.

मागून आत्याबाईंनी असा आवाज काढला की तो मला आजही कधी कधी ऐकू येतो. पण त्या धावत माझ्यामागेच आल्या.

मी चालत राहिले. चुन्याच्या रेघा ओलांडत, पळसाच्याही पुढे, चिंचेपर्यंत. तिथे लोखंडाच्या ढिगाऱ्याजवळ खाली बसले. वारा चांगलाच बोचत होता. आत्याबाईंनी आपलं लुगडं फेडून द्यावं तसा पदर सोडून आम्हा दोघांवर धरला आणि तशाच उभ्या राहिल्या, रडत, मला शिव्या देत.

“मरन ना हे... हेही मरन तुह्या हातानं...”

तेव्हा पोर कुशीत हललं. हाताच्या मुठी वळल्या. त्याने तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला, की आत्याबाईंची शिवी अर्ध्यात राहिली. रडत रडत ते तोंडाने शोधायला लागलं. मी पदराआड घेतलं. सकाळपासून न पिणारं लेकरू, इतक्या जोराने ओढायला लागलं की मला दुखलं.

घरातून इस्माईलभाईंचा आवाज आला.

“वाचा साहेब!”

साहेबांनी आकडा वाचला.  पुन्हा वाचला.

“तोच!” इस्माईलभाई ओरडले.

पुन्हा एक आकडा.

“तोच!”

“तोच!”

साहेब धावत बाहेर आले. पेटी छातीवर आपटत होती. “साठोणे, घर रिकामं आहे आणि आकडा तसाच वर आहे! बाजेच्या बरोबर खाली! हीच चानक! नकाशा लावून बघा, तुमच्या फेसपुढे पाणी आहे, अगदी पुढ्यात आहे!”

साठोणे बाबूंनी पुढचं ऐकलं नाही. सायकल मुरमाड रस्त्यावरून इतक्या जोराने गेली की एका वळणावर ते पडले, उठले, आणि पुन्हा बसले.

मग वाट पाहायची तेवढी राहिली.

लांबलचक एकच भोंगा वाजला तर पाळी बदलली असं समजायचं. तुटक तुटक वाजला तर खाली काही झालंय. आम्ही दोघी सासूसुना चिंचेखाली बसून खाणीकडे कान लावला. पोर पिऊन पुन्हा पीत होतं. निमदेव साहेब थोड्या अंतरावर उभे होते. एकदा जवळ येऊन काहीतरी सांगायला गेले आणि परत फिरले.

भोंगा वाजला. तुटक.

वस्तीतल्या बायका घरांतून धावत बाहेर पडल्या आणि इनक्लाइनच्या, म्हणजे आमच्या खाणीत उतरणाऱ्या तिरप्या वाटेच्या, तोंडाकडे गेल्या. आत्याबाई उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या आणि बसल्या.

“जा ना तुमी,” मी म्हणाले.

“तुले एकटं टाकून?” त्या म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. कधी ठेवला ते मला कळलं नव्हतं.

“माणसं बाहेर काढायलाही असाच वाजवतात,” इस्माईलभाई म्हणाले. “असाच वाजवतात, माय.”

दिवस कलला तेव्हा रस्त्यावर माणसं दिसली. सगळ्यात पुढे एक जण पळत होता. डोक्यापासून भिजलेला, कोळशाने काळा. पळण्यावरून आत्याबाईंनी ओळखलं आणि तोंडात पदर कोंबला.

लटारू आमच्यासमोर येऊन थांबला. श्वास लागला होता.

“शेवटच्या भोकातून पानी उडालं,” तो म्हणाला. “मानसाच्या मांडीएवढी धार. लाकडाची मेख ठोकून धरली आमी, तेवढ्यात साठोणे बाबूचा फोन आला, सोडा म्हने सगळं, वर या. बत्ती दिली असती त...”  त्याचं लक्ष माझ्या कुशीकडे गेलं. उघड्या आभाळाखाली सव्वा महिन्याचा नेम कुठला पाळायचा? तो वाकला आणि पोराचं तोंड पाहिलं. त्याच्या केसातून पाण्याचा थेंब पोराच्या गालावर पडला, काळा.

“नाक माह्यंच हाये,” तो म्हणाला.

साठोणे बाबूही मागून आले, हातात तोच जाळीचा दिवा. साहेबांनी सांगितलं, घर आजच सोडा, खालचा भराव कधी बसेल नेम नाही. लटारू सामान काढायला निघाला. आत अंधारलं होतं.

“चिमनी दे त,” त्याने आत्याबाईंकडे मागितली.

“चिमनी नेऊन काय फायदा?” मीच म्हणाले. “आज आभाळ हाये. आत टिकत नाही.”

तो थांबला. “काय टिकत नाही?”

“दिवा. बाजेखालचा. विझते.”

“कव्हापासून?”

“पहिल्या बाळंतपणापासून. आभाळ आलं की विझते.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“बाळंतिनीच्या खोलीतलं तुमाले कोन सांगन?”

लटारू आणि साठोणे बाबूंनी एकमेकांकडे पाहिलं. साठोणे बाबू दारापर्यंत गेले. आत वाकून त्यांनी पेटता दिवा हात लांब करून जमिनीशी नेला, माझी बाज जिथे होती तिथे. आम्ही सगळे लांबून पाहत होतो. ज्योत बसकी झाली. निळसर झाली. गेली. त्यांनी बाहेर येऊन दिवा पुन्हा लावला, पुन्हा आत नेला. पुन्हा गेली.

“चानकेतली मेलेली हवा हाये,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “जड असते. आभाळ भरलं की वर येते आन् जमिनीशीच बसून राहते.”

“खाली असा दिवा गेला की आमी मानसं बाहेर काढतो,” लटारू म्हणाला. तो कोणाशी बोलत होता ते समजत नव्हतं. “पयलं तेच काम करतो आमी.”

आत्याबाई दाराच्या ताटीकडे पाहत होत्या. तिच्या फटीफटीत त्यांनी कोंबलेल्या चिंध्या दिसत होत्या.

 मग त्या उठल्या, लोखंडाच्या ढिगाऱ्यापाशी गेल्या आणि विळा उचलला. मला वाटलं आता तो आणून पोराच्या उशाशी ठेवतील. मी पोराचं डोकं जरा बाजूलाही केलं. पण त्या आमच्याजवळून पुढे गेल्या, बांधाच्या कडेला खाली बसल्या आणि गवत कापायला लागल्या.

लटारू म्हणाला, “माय, राहू दे, मी करतो.” त्यांनी ऐकलं नाही. मूठ भरायची, विळा ओढायचा, मूठ भरायची. पेंढी मोठी झाल्यावर त्यांनी ती उचलून आणली, मला हाताने थोडं पुढे सरकवलं, आणि माझ्या पाठीमागे, खाली, सगळीकडून पसरली. बाळंतिणीला ओली जमीन लागू नये अशी. मग माझ्या शेजारी बसल्या.

विळा बांधाकडेच, कापलेल्या गवतात राहिला होता. तो आणायला कोणी उठलं नाही.